सोनीकची केस स्टडी: २४ नंबरला अडकलेलं गाणं दीड वर्षाने १ नंबरला कसं गेलं?



आजच्या केस स्टडीत दुकान नाही, कारखाना नाही. आज आपण एका ब्रिटिश गायिकेचं करिअर धंद्याच्या नजरेने वाचणार आहोत. नाव सोनीक. ती गाते आणि डीजेही आहे. २००० च्या सुमारास तुम्ही म्युझिक चॅनेल बघत असाल तर ‘इट फील्स सो गुड’ हे तिचं गाणं कानावरून गेलं असेल. नसेल गेलं तरी काही अडत नाही.

ही केस मी का घेतली? बॅचमध्ये मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, “ताई, माल चांगला आहे, पण खपत नाही. बंद करू की चालू ठेवू?” हा प्रश्न साधा नाही. बंद केलं तर घातलेलं भांडवल गेलं. चालू ठेवलं आणि तरी खपलं नाही, तर आणखी भांडवल गेलं आणि वर डेड स्टॉक घरात. “चिकाटी ठेवा” किंवा “वेळेत बाहेर पडा” एवढं सांगून हा प्रश्न सुटत नाही. नक्की काय बघून निर्णय घ्यायचा, ते सोनीकच्या केसमध्ये फार स्वच्छ दिसतं. चला तर मग, सुरू करूया.

आधी थोडी ओळख

सोनीकचं नाव सोनिया क्लार्क. लंडनची मुलगी, घराण्याची मुळं कॅरिबियनमधल्या त्रिनिदादची. तरुणपणी ती ‘फारी’ नावाच्या रेगे बँडमध्ये गायची. तो बँड टिकला नाही. १९८५ मध्ये ‘कूलटेम्पो’ या रेकॉर्ड कंपनीने तिचं पहिलं गाणं काढलं. डान्स म्युझिकच्या वर्तुळात ते थोडंफार चाललं, पण त्यावर संसार चालेल असं काही घडलं नाही.

मग १९९० च्या सुमारास ती ‘एस एक्सप्रेस’ या ग्रुपमध्ये गायला लागली. मार्क मूर नावाच्या डीजेने उभा केलेला हा ग्रुप. १९८८ मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये १ नंबरला गेलं होतं. सोनीक आली ती त्यानंतर, म्हणजे दुकानातली दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. दुसरा अल्बम निघाला, पहिल्यासारखं यश आलं नाही आणि काही काळाने ग्रुप थांबला.

आता तिची जागा स्वतःला देऊन बघा. पहिलं गाणं निघून सहा-सात वर्षं झालीत. आवाज चांगला आहे, लोक मान्य करतात. पण हातात काय आहे? गाणं दुसरा बनवणार, पैसा कंपनी घालणार, ग्रुप दुसऱ्याच्या नावाचा. तो बंद पडला की आपलंही काम बंद.

त्या काळी डान्स म्युझिकमध्ये गायकाची अवस्था फारच कच्ची होती. एक उदाहरण सांगते. मार्था वॉश ही अमेरिकन गायिका. ‘ब्लॅक बॉक्स’ आणि ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’ यांच्या गाजलेल्या गाण्यांत आवाज तिचा होता आणि व्हिडिओमध्ये ओठ हलवत होत्या दुसऱ्याच बायका! आपलं श्रेय मिळवायला तिला कोर्टात जावं लागलं. माल तिचा, पाटी दुसऱ्याची. आपल्याकडे घरी पापड-लोणची करून दुसऱ्याच्या ब्रँडला देणाऱ्या किती ताई आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

धडा १: दुसऱ्याच्या काउंटरवर किती दिवस?

अशा वेळी बहुतेक गायक काय करतात? दुसरा ग्रुप शोधतात. सोनीकने वेगळं केलं. ती डीजेचं काम शिकायला बसली. त्यासाठी तिने सुमारे तीन वर्षं सराव केला.

डीजे म्हणजे नुसती गाणी लावणारा नाही. दोन टर्नटेबल असतात. एकावर गाणं चालू आहे, लोक नाचतायत. त्याच वेळी हेडफोन कानाला लावून दुसऱ्या रेकॉर्डवर पुढचं गाणं तयार करायचं. दोघांचा ठेका तंतोतंत जुळवायचा, म्हणजे बदल कधी झाला हे नाचणाऱ्याला कळता कामा नये. या सगळ्यात डोळे समोरच्या गर्दीवर ठेवायचे. लोक थकलेत का? कुठल्या गाण्याला हात वर जातात? कुठल्या गाण्याला माणसं पाणी प्यायला निघतात? त्यावर पुढचं गाणं ठरतं.

सोनीकने यात स्वतःची एक गोष्ट घातली. ती रेकॉर्ड वाजवता वाजवता त्यावर माइक घेऊन लाइव्ह गायला लागली. डीजे खूप होते, गायिका खूप होत्या, पण दोन्ही कामं एकाच वेळी करणारी माणसं अगदी थोडी. कारण एक कान हेडफोनमध्ये पुढच्या गाण्यावर आणि गळा चालू गाण्यावर ठेवणं अवघड असतं.

इथे धंद्याची गोष्ट नीट बघा. तिच्याकडे आता दोन प्रकारची कमाई आली.

एक, रोजचा गल्ला. आज रात्री क्लबमध्ये वाजवलं, आज मानधन मिळालं. कंपनीच्या मर्जीवर काही नाही.

दोन, मोठा डाव. स्वतःचं गाणं काढायचं. चाललं तर खूप, नाही चाललं तर शून्य.

पहिली कमाई नसती तर दुसरा डाव तिला एकदाच खेळता आला असता. गल्ला चालू असला की डाव पुन्हा खेळता येतो. तुमच्या धंद्यातही हेच आहे. नवीन प्रॉडक्ट आणताय? मग त्याचं भाडं आणि किराणा कुठून निघणार, हे आधी लिहून काढा. नवीन प्रॉडक्टवरच घर चालवायचं ठरवलं, तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही घाबरून काहीतरी निर्णय घ्याल, आणि घाबरून घेतलेला निर्णय क्वचितच बरोबर येतो.

धडा २: गिऱ्हाईक दिसेल तिथे उभं राहा

१९९७ पासून सोनीक इबिझाला ‘मॅन्युमिशन’ या पार्टीची रेसिडेंट डीजे झाली. इबिझा हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर, युरोपभरातली आणि खास करून ब्रिटनमधली तरुण मंडळी तिथे सुट्टीला जातात. मॅन्युमिशन ही पार्टी माइक आणि अँडी मॅके या दोन भावांनी चालवली. ती भरायची ‘प्रिव्हिलेज’मध्ये, जो जगातल्या सगळ्यात मोठ्या नाइट क्लबांपैकी एक होता.

रेसिडेंट डीजे म्हणजे पाहुणा नव्हे. पाहुणा एक रात्र येतो, वाजवतो, जातो. रेसिडेंट सीझनभर त्याच जागी उभा असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रदर्शनात एक दिवसाचा स्टॉल आणि रोजचं दुकान यातला हा फरक. प्रदर्शनात विक्री कळते. दुकानात गिऱ्हाईक कळतं.

आणि सोनीकला मिळालेलं गिऱ्हाईक बघा. कुठल्या ठेक्यावर लोक थांबतात, कुठला आवाज त्यांना पकडतो, हे ती हजारो लोकांसमोर आठवड्यामागून आठवडे बघत होती. कुठलाही फॉर्म भरून न घेता, डोळ्यासमोरचं मार्केट रिसर्च, आणि तेही मानधन घेऊन! शिवाय हेच लोक सुट्टी संपवून ब्रिटनच्या गावागावांत परत जायचे आणि तिथे गेलेली गाणी दुकानात मागायचे. इबिझा म्हणजे ब्रिटिश डान्स म्युझिकचा सँपल वाटायचा काउंटरच होता म्हणा ना.

तुमचं इबिझा कुठे आहे? रोज संध्याकाळी जिथे तुमचं गिऱ्हाईक उभं असतं ती जागा. ती नेहमी तुमचं दुकानच असेल असं नाही.

धडा ३: २४ नंबर म्हणजे माल वाईट का?

आता केसचा मुख्य भाग.

१९९८ च्या शेवटी ‘इट फील्स सो गुड’ ब्रिटनमध्ये बाजारात आलं. हे गाणं लिहिण्यात सोनीकचाही वाटा होता. ते चार्टवर पोहोचलं २४ व्या नंबरला. तिथून खाली गेलं आणि विषय संपला.

२४ हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्या काळातला ब्रिटनचा सिंगल्स चार्ट कसा चालायचा ते समजून घ्या. तो फक्त विक्रीवर ठरायचा, म्हणजे दुकानात किती सीडी-कॅसेट गेल्या त्यावर. कंपन्या गाणं आधी काही आठवडे रेडिओवर वाजवायच्या, मग ते दुकानात यायचं आणि पहिल्याच आठवड्यात जास्तीत जास्त खपावं म्हणून पूर्ण जोर लावायच्या. त्यामुळे बहुतेक गाणी पहिल्या आठवड्यात जिथे लागायची, तोच त्यांचा सगळ्यात वरचा नंबर. पुढच्या आठवड्यात नवीन माल आला की जुना मागे.

म्हणजे २४ या आकड्याने सांगितलं काय? एवढंच, की त्या आठवड्यात, त्या दुकानांत, तेवढ्या जाहिरातीवर एवढा माल गेला. गाणं लोकांना आवडतं की नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं. कारण बहुतेक लोकांनी ते ऐकलंच नव्हतं.

हे दोन प्रश्न आपण नेहमी एक करून टाकतो. “लोकांनी घेतलं नाही” आणि “लोकांपर्यंत गेलं नाही” ही दोन वेगळी दुखणी आहेत. औषधही वेगळं लागतं.

मग झालं काय? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा शहरात एका रेडिओ स्टेशनने हे गाणं वाजवायला घेतलं. श्रोत्यांचा प्रतिसाद आला, मग इतर स्टेशनं आली आणि गाणं पसरत गेलं. २००० मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० यादीत ८ नंबरपर्यंत पोहोचलं. अमेरिकेची ही यादी विक्रीबरोबर रेडिओवर किती वाजतंय तेही धरते. म्हणजे इथे मोजपट्टीच वेगळी होती. लोक पुन्हा पुन्हा ऐकायला मागतात का, हे त्यात दिसत होतं.

हा पुरावा हातात आल्यावर २००० मध्ये गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा बाजारात आणलं. या वेळी थेट १ नंबर! आणि एक आठवडा नाही, सलग तीन आठवडे. वर्षअखेरीस ते त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेल्या सिंगल्समध्ये तिसऱ्या क्रमांकावर होतं. पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, सोनीकला ब्रिट अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गायिकेचा पुरस्कार मिळाला. पहिल्या गाण्यापासून मोजलं तर पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

एक आडवा मुद्दा सांगते, कारण पैशाचा आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी लिहिणाऱ्याला आणि संगीतकाराला मिळते, नुसत्या गाणाऱ्याला नाही. कितीही वेळा वाजू दे! सोनीक गीतलेखनात सहभागी होती, म्हणून प्रत्येक वेळी वाजलेल्या गाण्यात तिचा हक्क होता. करार करताना “माझं नाव कुठल्या खान्यात लिहिलंय” हे बघायचं ते याच्यासाठी. रेसिपी तुमची असेल, डिझाइन तुमचं असेल, तर ते कागदावर तुमच्या नावाने असू द्या.

धडा ४: पुन्हा आणायचं, पण आंधळेपणाने नाही

आता लगेच, “म्हणजे माझा न खपलेला माल पण दोन वर्षांनी खपेल” असा अर्थ काढू नका. त्या काळात पहिल्या आठवड्यात आपटलेली कितीतरी गाणी होती. त्यातली बहुतेक तशीच विसरली गेली. आपण इथे त्यातल्या जिंकलेल्या एकीची गोष्ट वाचतोय, हे भान ठेवा.

मग या गाण्याला पुन्हा संधी द्यायला आधार काय होता? ओळखीचे लोक “छान आहे, छान आहे” म्हणत होते म्हणून नाही. ज्यांचा सोनीकशी काहीही संबंध नाही, ज्यांना तिला बरं वाटावं असं काही कारण नाही, अशा दूरच्या शहरातल्या श्रोत्यांनी ते पुन्हा मागितलं. “अनोळखी माणूस” आणि “पुन्हा” हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा. आजचा सगळा धडा या दोन शब्दांत आहे.

हाच हिशेब पुढेही दिसतो. तिचं ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ हे जुन्या गाण्याचं नवं रूप १९९८ मध्ये आलं होतं आणि फार वर गेलं नव्हतं. नाव झाल्यावर २००० च्या डिसेंबरमध्ये तेही पुन्हा आणलं आणि ते ८ नंबरला पोहोचलं. दोन्हींच्या मध्ये सप्टेंबरमध्ये आलेलं ‘स्काय’ हे गाणं २ नंबरला होतं. एक माल चालला की गिऱ्हाईक शेल्फवरचा जुना माल पण हातात घेऊन बघतं. दुकानदाराने त्याच वेळी तो पुढे मांडायचा असतो.

धडा ५: सीझन संपल्यावर काय?

२००३ मध्ये दुसरा अल्बम आला, ‘बॉर्न टू बी फ्री’. त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या वीसात गेलं, पण २००० सारखी लाट आली नाही. डान्स म्युझिकची ब्रिटनमधली मोठी लाटही तोपर्यंत ओसरत होती. २००९ मध्ये तिला स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, शस्त्रक्रिया झाली. त्यातून बाहेर येऊन २०११ मध्ये तिने ‘स्वीट व्हायब्रेशन्स’ हा अल्बम काढला.

याला अपयश म्हणायचं का? मी म्हणणार नाही. १ नंबर हा सीझन असतो. दिवाळीत जो गल्ला होतो त्यावर वर्षभराचं भाडं ठरवणारा दुकानदार मार्चमध्ये अडचणीत येतो. सोनीकच्या हातात चार्ट नसतानाही एक काम होतं: डेकवर उभं राहायचं, वाजवायचं, गायचं. ग्रुप बंद पडल्यावर जे शिकायला तिने तीन वर्षं घातली, ते कौशल्य कुठल्याही कंपनीला काढून घेता येण्यासारखं नव्हतं.

आता तुमचा माल: बंद करायचा की पुन्हा आणायचा?

समजा, तुम्ही घरगुती गोडा मसाला काढला. शंभर पाकिटं केली. तीन महिन्यांत ४० गेली, ६० पडून आहेत. आता वही काढा आणि चार प्रश्नांची उत्तरं आकड्यात लिहा.

१. किती लोकांनी चव घेतली? पाकीट बघितलं ते मोजू नका. चव घेतली ते मोजा.

२. ४० पैकी अनोळखी किती? नातेवाईक, मैत्रिणी, सोसायटीतले वजा करा. समजा उरले १०.

३. त्या १० पैकी पुन्हा किती जण आले? पाच-सहा जण स्वतःहून परत आले असतील, तर मसाल्यात दम आहे आणि दुखणं पोहोचण्याचं आहे. जागा बदला, काउंटर बदला, सीझन बदला. मसाला बदलू नका. पण दहापैकी एकही परत आला नाही, तर जाहिरात वाढवून उपयोग नाही. आधी मसाला सुधारा, नाहीतर तिथेच थांबा. (पाच-सहा हा काही नियम नाही, उदाहरण आहे. तुमच्या धंद्याचा आकडा तुम्हीच ठरवायचा. फक्त तो विक्री सुरू करण्याआधी ठरवा. नंतर ठरवला तर मन आपल्या बाजूने आकडा फिरवतं.)

४. दुसरी फेरी खेळायला पैसा कुठून? उधारीवर की चालू गल्ल्यातून? उधारीवर असेल तर छोटी फेरी खेळा. शंभर नको, वीस पाकिटं करा.

ज्यांची उत्तरं “बंद करा” अशी येतील, त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. वेळेत थांबवलेल्या मालाचं भांडवल पुढच्या मालाला मिळतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडचा सगळ्यात कमी खपणारा एक माल निवडा. गेल्या तीन महिन्यांतली त्याची गिऱ्हाइकं आठवून दोन याद्या करा: ओळखीचे आणि अनोळखी. अनोळखी यादीत जो दुसऱ्यांदा आला त्याच्या पुढे खूण करा. त्यातल्या एकाला फोन करून एकच प्रश्न विचारा, “पुन्हा का घेतलंत?” गिऱ्हाईक जे शब्द वापरेल ते जसेच्या तसे लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाकिटावर तेच शब्द छापायचे आहेत.

याद्या झाल्या की खाली कळवा, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही आपण एकत्र सोडवू. तोपर्यंत हिशेब रोजचा रोज लिहा. भेटूया!